म्हणणें आणि शाबीत करणें

मनुष्य बोलतो तेव्हां तो नेहमीं एकच काम करीत नसतो. तो विचारतो, विनवितो, आज्ञा करितो, शपथ घेतो. आणि पुष्कळदां अमुक गोष्ट अशी अशी घडली असें ठासून म्हणतो. घरांत, बाजारांत किंवा पारावर या शेवटच्या बोलण्याचा कोणी फारसा हिशेब मागत नाहीं. परंतु तेंच वाक्य न्यायासनापुढें उच्चारलें गेलें कीं त्याची जात पालटते. ऐकणारा तत्काळ विचारतो, 'हें तुमचें म्हणणें झालें. पण तें खरें कशावरून?' म्हणणें आणि शाबीत करणें यांमध्यें जें अंतर पडतें, त्या अंतरांतच सर्व न्यायव्यवहार चालतो. इंग्रजी कायद्याच्या भाषेनें तें अंतर दाखविण्यासाठीं एक क्रियापद जवळजवळ राखूनच ठेवलें आहे. तें क्रियापद म्हणजे 'अलेज'.

मराठींत या शब्दासाठीं 'सांगणें', 'म्हणणें', 'प्रतिपादन करणें', 'आरोप करणें' असे निरनिराळे पर्याय योजण्यांत येतात. त्यांपैकीं एकहि चुकीचा नाहीं आणि एकहि पुरा पडत नाहीं. 'सांगणें' फार मोकळें आहे. 'प्रतिपादन' हें सभेंतील विद्वानाला शोभणारें आहे. आणि 'आरोप' म्हटला कीं कोणाच्या तरी अंगाला अगोदरच डाग लागतो. 'अलेज' या शब्दाचा आशय याहून मोजका आहे. बोलणारा एक वस्तुस्थिति मांडीत आहे, ती खरी कीं खोटी हें अद्यापि ठरलेलें नाहीं, आणि ती खरी करून दाखविण्याचा बोजा बोलणारानें आपल्या शिरावर घेतला आहे, एवढा अर्थ त्या एका शब्दांत सामावलेला असतो.

हा प्रश्न केवळ कोशकारांचा नाहीं. परभणी जिल्ह्यांतील सेलू तालुक्यांत वालूर नांवाचें गांव आहे. जुन्या दगडी बारवांमुळें तें ओळखलें जातें. समजा, या गांवच्या शिवारांत दोन कास्तकारांचीं शेतें एकमेकांस लागून आहेत. पहिला म्हणतो, 'मधल्या बांधापलीकडची तीन हात पट्टी माझी आहे. शेजाऱ्यानें नांगरतांना बांध कोरून ती आपल्याकडे ओढली.' दुसरा म्हणतो, 'पट्टी माझीच आहे.' हें उदाहरण केवळ समजुतीसाठीं घेतलेलें आहे. परंतु असा तंटा ज्या गांवांत कधींच झाला नाहीं असें गांव महाराष्ट्रांत सांपडणें कठीण. गेल्या नऊशें वर्षांत वालूरच्या परिसरावर अनेक सत्ता आल्या आणि गेल्या. प्रत्येक सत्तेबरोबर न्यायाची भाषा बदलली. कास्तकाराच्या त्या एका वाक्याला प्रत्येक काळानें कोणतें नांव दिलें आणि त्याच्याकडून काय मागितलें, हें पाहिलें म्हणजे एका इंग्रजी क्रियापदाचा अर्थ आपल्याच इतिहासाच्या उजेडांत स्पष्ट होतो.

प्रथम त्या इंग्रजी शब्दाचेंच कुळ पाहूं. 'अलेज' हा शब्द इंग्लंडांत नॉर्मन लोकांच्या फ्रेंच भाषेमार्फत आला. 'न्यायालयांत झगडून दोषमुक्त होणें' या अर्थाच्या एका उत्तरकालीन लॅटिन शब्दापर्यंत त्याचें मूळ पोंचतें. पुढें 'पुरावा म्हणून पुढें आणणें' या अर्थाच्या दुसऱ्या एका लॅटिन शब्दाचा अर्थ त्यांत मिसळला. म्हणजे आरंभीं या शब्दांत पुराव्याचा वास होता. कालांतरानें तो उडून गेला, आणि आज 'अलेज' म्हणजे पुराव्यावांचून, निदान पुरावा येण्यापूर्वीं, केलेलें विधान असा अर्थ रूढ आहे. त्याचाच एक सोबती 'अव्हर' हा शब्द. त्याच्या पोटांत 'सत्य' या अर्थाचा लॅटिन शब्द आहे; मूळचा अर्थ 'खरें करून दाखविणें', आणि आजचा अर्थ 'खरें आहे असें ठामपणें म्हणणें'. तिसरा शब्द 'असर्ट'. त्याची कथा अधिक मनोरंजक आहे. रोमन लोकांत एखाद्या मनुष्याला कोणी गुलाम म्हणून ठेविलें असतां दुसरा एखादा नागरिक पुढें होऊन त्याच्यावर हात ठेवी, आणि हा मनुष्य स्वतंत्र आहे असें न्यायाधिकाऱ्यापुढें सांगे. असें सांगणाराला 'असर्टर' म्हणत. तेथें बोलणें आणि हात घालणें हीं एकाच कृतीचीं दोन अंगें होतीं. पुढें हात मागें राहिला आणि शब्द तेवढा उरला.

तिन्ही शब्दांचा प्रवास एकाच दिशेनें झालेला दिसतो. शब्द जन्मतांना पुराव्याच्या जवळ होता आणि वापरतां वापरतां पुराव्यापासून दूर गेला. याचें कारण मनुष्यस्वभावांत आहे. जो तो आपलें म्हणणें सिद्ध झाल्यासारखेंच बोलतो; त्यामुळें सिद्धतेचे शब्दहि अखेर नुसत्या बोलण्याचे शब्द होऊन बसतात, आणि कायद्याला पुन्हां नवी मर्यादा आंखावी लागते.

ही मर्यादा आंखण्याचें काम आपल्याकडे फार जुनें आहे. अकराव्या शतकाच्या अखेरीस आणि बाराव्याच्या आरंभीं, कल्याणीच्या चालुक्य वंशांतील सहाव्या विक्रमादित्याच्या कारकीर्दींत, विज्ञानेश्वरानें याज्ञवल्क्यस्मृतीवर 'मिताक्षरा' ही टीका लिहिली. ही कल्याणी म्हणजे आजचें बसवकल्याण. पुढें निजामी राज्यांत तें आणि परभणी हीं एकाच छत्राखालीं होतीं. तेव्हां हिंदु कायद्याचा हा सर्वमान्य ग्रंथ मराठवाड्याला परका नाहीं. तो जवळजवळ शेजारच्या अंगणांतच लिहिला गेला आहे.

मिताक्षरेंत व्यवहाराचे, म्हणजे खटल्याचे, चार पाद सांगितले आहेत. पहिला भाषापाद, दुसरा उत्तरपाद, तिसरा क्रियापाद आणि चौथा साध्यसिद्धिपाद. वादी जें म्हणतो ती 'भाषा'. तिलाच 'पक्ष' आणि 'प्रतिज्ञा' अशींहि नांवें आहेत. प्रतिवादी त्यावर जें म्हणतो तें 'उत्तर'. पुरावा देणें ही 'क्रिया'. आणि जें सिद्ध करावयाचें तें सिद्ध झालें कीं नाहीं याचा निर्णय ही 'साध्यसिद्धि'. येथें 'प्रतिज्ञा' हा शब्द लक्षांत घेण्याजोगा आहे. आज मराठींत प्रतिज्ञा म्हणजे शपथ. शास्त्रांत मात्र प्रतिज्ञा म्हणजे जें अजून सिद्ध व्हावयाचें आहे असें विधान. न्यायशास्त्राच्या पांच अवयवांत ती पहिली येते आणि तिच्यामागून हेतु यावाच लागतो. हेतूवांचून प्रतिज्ञा लंगडी. 'अलेज' या शब्दाच्या जवळांत जवळ जाणारा आपला जुना शब्द शोधावयाचा तर तो हाच होय.

परंतु विज्ञानेश्वर एवढ्यावर थांबत नाहीं. जें जें कोणी म्हणेल तें तें न्यायसभेनें ऐकून घ्यावें असें त्याचें मत नाहीं. कांहीं विधानें दिसतात पक्षासारखीं, पण तीं पक्ष नसतात. त्यांना 'पक्षाभास' असें नांव आहे. त्यांचीं उदाहरणें मोठीं मार्मिक आहेत. 'माझें सशाचें शिंग यानें नेलें' ही तक्रार चालावयाची नाहीं, कारण अशी वस्तुच जगांत नाहीं. 'माझ्या घरच्या दिव्याच्या उजेडांत हा आपल्या घरांतलीं कामें करतो' हीहि चालावयाची नाहीं, कारण तींत वादीची कसलीच हानि नाहीं. 'अमक्यानें भुंवया वांकड्या करून माझा उपहास केला' हें शाबीत करण्याचें साधन नाहीं. आणि 'मुक्यानें मला शिव्या दिल्या' हें तर आपल्याच शब्दांनीं आपणांस खोडून काढतें. जें खरें मानलें तरी कांहीं मागतां येत नाहीं, किंवा जें कोणत्याच उपायानें खरें ठरवितां येणार नाहीं, तें न्यायाच्या दृष्टीनें म्हणणेंच नव्हे, हा त्यांतील आशय.

उत्तराचेहि चार प्रकार सांगितले आहेत. 'होय, हें खरें आहे' ही संप्रतिपत्ति. 'हें खोटें आहे' हें मिथ्योत्तर. 'हें खरें, परंतु त्याला असें असें कारण आहे' हें प्रत्यवस्कंदन. आणि 'याचा निवाडा पूर्वींच होऊन चुकला आहे' हा प्राङ्न्याय. वालूरच्या दुसऱ्या कास्तकाराला या चारांपैकीं एक वाट धरावी लागली असती. पट्टी वादीची आहे, पण त्याच्या बापानें ती मला विकली, असें त्यानें म्हटलें तर विक्रीचा पुरावा देण्याचें काम त्याच्याकडे आलें असतें. म्हणजे बोजा वादीच्याच डोक्यावर कायमचा राहत नाहीं; जो नवीन गोष्ट म्हणतो, ती गोष्ट त्याच्यामागें लागते.

मराठेशाहींत हा व्यवहार ग्रंथांतून गोतसभेंत उतरला. वतनाचे, बांधाचे आणि मानपानाचे तंटे देशमुख, देशपांडे, पाटील, कुळकर्णी, शेटे-महाजन आणि बारा बलुतेदार यांच्यापुढें चालत. आधीं बोलणाऱ्याला अग्रवादी म्हणत आणि मागून बोलणाऱ्याला पश्चिमवादी. चौकशीला हात घालण्यापूर्वीं दोघांकडूनहि सभेचा निवाडा मान्य करूं असा राजीनामा लिहून घेत आणि त्यासाठीं जामीन घेत. आज राजीनामा म्हणजे नोकरी सोडल्याचा कागद. त्या काळीं तो राजी असल्याचा, म्हणजे संमतीचा, कागद होता. मग उभयतांच्या तकरीरा होत. तकरीर म्हणजे पक्षकाराचें स्वतःचें कथन. तें मोडींत लिहून ठेवीत. त्यानंतर साक्षीपुरावा होई आणि शेवटीं महजर तयार होई. त्यावर हजर असलेल्यांच्या निशाण्या उमटत. पाटलाच्या नांवाखालीं नांगर निघे.

येथपर्यंतचा क्रम मिताक्षरेशीं जुळतो. वेगळें आहे तें याच्या पुढचें. जिंकणारा सरकारांत हरकी भरी आणि हरणारा गुन्हेगारी. शिवाय हरणाराला येजितखत लिहून द्यावें लागे. म्हणजे आपलें म्हणणें शाबीत झालें नाहीं, आपण हरलों, हें त्याला आपल्याच नांवानें कबूल करावें लागे. जो अनेक पिढ्या एक गोष्ट ठासून म्हणत आला, त्यानेंच ती लेखी मागें घ्यावी अशी ही योजना होती. गांवांत दुसऱ्या दिवसापासून त्याच शेजाऱ्याच्या बांधाला बांध लावून राहावयाचें असल्यामुळें ती आवश्यकहि होती. साक्ष आणि कागद दोन्ही अपुरे पडले म्हणजे दिव्याचा मार्ग उरे. तापलेल्या तेलातुपांतून धातूचा रवा हातानें काढावयाचा, मग तो हात पिशवींत बांधून तीवर मोहोर करावयाची, आणि नेमल्या दिवशीं पिशवी सोडून हात पाहावयाचा. म्हणणें आणि शाबीत करणें यांमधील अंतर तेथें मनुष्याला आपल्या कातडीनें ओलांडावें लागे. आज ही रीत क्रूर वाटते आणि ती क्रूर होतीच. पण नुसत्या म्हणण्यावर कोणाचें वतन काढून दुसऱ्याला द्यावयाचें नाहीं, हा निर्धार तिच्याहि मुळाशीं होता.

गोदावरीच्या उत्तरेचा हा मुलूख अठराव्या शतकापासून निजामाच्या राज्यांत मोडूं लागला. तेथील वरच्या कचेऱ्यांची भाषा फारसी होती. १८८४ च्या सुमारास तिची जागा उर्दूनें घेतली. वालूरच्या कास्तकाराचें म्हणणें आतां 'अर्जीदावा' झालें. तो स्वतः 'मुद्दई', त्याचा शेजारी 'मुद्दाअलैह', आणि शेजाऱ्याचें उत्तर 'जवाबदावा'. हे शब्द परके वाटतात. परंतु त्यांचे भाऊबंद मराठीच्या घरांत केव्हांच येऊन राहिले आहेत. दावा, मुद्दई आणि मुद्दा हे तिन्ही एकाच अरबी धातूपासून निघाले आहेत. ज्यावर हक्क सांगितला तो मुद्दा, सांगणारा मुद्दई, आणि सांगणें हा दावा. मराठीनें मात्र या शब्दाला आपल्या अनुभवाची पुस्ती जोडली. मराठींत 'दावा साधणें' म्हणजे सूड घेणें, आणि 'दावेदार' म्हणजे हक्क सांगणारा तसाच वैरीहि. हक्क सांगण्यापासून वैरापर्यंत किती थोडी वाट आहे, हें या एका शब्दावरून कळतें.

दुसरेहि शब्द असेच बोलके आहेत. 'फिर्याद' म्हणजे फारसींत मदतीसाठीं मारलेली हांक. 'तक्रार' म्हणजे अरबींत पुनरुक्ति. तेंच तें पुन्हां पुन्हां म्हणणें. 'कैफियत' म्हणजे एखाद्या गोष्टीची स्थिति, ती कशी आहे तें; मुंबई इलाख्याच्या कोर्टांत प्रतिवादीच्या लेखी उत्तराला हेंच नांव मिळालें. आणि 'शाबीत' म्हणजे स्थिर, जें उभें राहिलें तें. त्याच घराण्यांतला 'शाबूत' हा शब्द मराठी मनुष्य रोज वापरतो. उलटतपासणीचा मारा सोसूनहि जें म्हणणें शाबूत राहिलें तें शाबीत झालें, असें म्हटलें तर त्यांत शब्दखेळापेक्षां अधिक कांहीं आहे.

या व्यवस्थेंत एक अडचण मात्र खरी होती. कास्तकाराचें म्हणणें मराठी, आणि तें लिहिलें जावयाचें उर्दूंत. तो अर्जनवीसापुढें बसून 'बांध कोरला' असें म्हणे. कागदावर काय उतरलें हें त्याला वाचतां येत नसे. आणि पुढें कोर्टांत त्याला बांधून घेतलें जाई तें कागदावरच्या शब्दांशीं. म्हणणाराला आपल्या म्हणण्याची जबाबदारी घ्यावयाची तर तें त्याला समजलें पाहिजे, ही गोष्ट उघड आहे. १९४८ च्या सप्टेंबरांत निजामी राजवट संपली. १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला, १९६० सालीं महाराष्ट्र राज्य झालें, आणि १९९८ सालीं कांहीं अपवाद वगळून जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी ठरविण्यांत आली. कास्तकाराच्या वाक्याला आपल्या भाषेंत परत येण्यास इतका काळ लागला.

इंग्रजी अमलांतील मुलखांत मधल्या काळांत कायद्याची भाषा नेमकी होत गेली होती. जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यानें रचलेला पुराव्याचा कायदा १८७२ सालीं झाला. त्याच्या १०१ व्या कलमांत सर्व विषयाचें सार आहे. ज्याला अमुक हक्क आपला आहे असा निवाडा हवा, आणि तो हक्क ज्या गोष्टींवर अवलंबून आहे असें तो म्हणतो, त्या गोष्टी त्यानेंच शाबीत केल्या पाहिजेत. या कलमांतलें 'म्हणतो' हें क्रियापद इंग्रजींत 'असर्ट' असें आहे. गुलामावर हात ठेवून बोलणाऱ्या रोमन नागरिकाचें तेंच क्रियापद. कलमाखालीं दिलेल्या उदाहरणांतहि एक मनुष्य दुसऱ्याच्या ताब्यांतील जमिनीवर हक्क सांगतो. वालूरच्या बांधाचा तंटा जणूं तेथें छापलेलाच आहे. हा कायदा मराठवाड्याला १९५१ सालीं लागू झाला. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमानें घेतली; तेथें हें तत्त्व १०४ व्या कलमांत आहे.

१९०८ च्या दिवाणी व्यवहारसंहितेनें याला दुसरी बाजू जोडली. एका पक्षानें एखादी महत्त्वाची गोष्ट आहे म्हणावी आणि दुसऱ्यानें ती नाहीं म्हणावी, तेव्हांच मुद्दा उत्पन्न होतो. जेथें दोघेहि एकच म्हणतात तेथें मुद्दा नाहीं. आणि वादीनें म्हटलेली गोष्ट प्रतिवादीनें स्पष्ट नाकारली नाहीं, तर ती त्याला कबूल आहे असें सामान्यतः धरलें जातें. मोघम नकारहि उपयोगाचा नाहीं. मोजून पांचशें रुपये घेतल्याचें वादी म्हणत असेल, तर 'पांचशें घेतले नाहींत' एवढें म्हणून भागत नाहीं. त्यांतला कांहीं भागहि घेतला नाहीं, किंवा इतकाच घेतला, असें सांगावें लागतें. म्हणजे बोलण्याइतकीच न बोलण्याचीहि जबाबदारी कायद्यानें मानली आहे.

या भेदाची किंमत किती असते, हें मुंबईच्या दोन खटल्यांवरून दिसून आलें. पहिला १८६२ सालचा. करसनदास मुळजी यांनीं 'सत्यप्रकाश' या गुजराती पत्रांत १८६० सालीं लेख लिहून वैष्णव संप्रदायांतील महाराजांच्या अनाचारावर उघड टीका केली. जदुनाथजी महाराजांनीं अब्रुनुकसानीबद्दल ५०,००० रुपयांचा दावा लावला. करसनदासांनीं म्हटलेलें मागें घेतलें नाहीं किंवा मोघम उत्तर दिलें नाहीं. आपण लिहिलें तें खरें आहे, हाच त्यांनीं मुख्य बचाव घेतला. मग तें खरें ठरविणें त्यांच्याकडे आलें. साक्षीदार उभे राहिले. त्यांत डॉक्टर भाऊ दाजी लाड हेहि होते. स्वतःच्या समाजाचा रोष पत्करून अनेकांनीं साक्षी दिल्या, आणि मुख्य मुद्द्यावर निकाल करसनदासांच्या बाजूनें लागला.

दुसरा खटला १८८२ सालचा. कोल्हापूरचे तरुण महाराज चौथे शिवाजी यांचा छळ होत आहे अशी वार्ता सर्वत्र पसरली होती. कारभारी माधवराव बर्वे यांच्याविरुद्ध 'केसरी' आणि 'मराठा' या पत्रांनीं कडक लेख लिहिले. ज्या पत्रांच्या आधारावर हे लेख उभे होते, तीं पत्रें बनावट ठरलीं. संपादकांनीं दिलगिरी प्रदर्शित केली. तथापि खटला थांबला नाहीं. बाळ गंगाधर टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर यांना चार महिन्यांची साधी कैद झाली. डोंगरीच्या तुरुंगांत त्यांनीं १०१ दिवस काढले. त्यांची कळकळ खोटी आहे असें त्या वेळीं फारच थोडे लोक म्हणाले असतील. परंतु कळकळ हा पुरावा नव्हे, आणि दुसऱ्यानें विश्वासानें हातीं दिलेला कागद पारखण्याचें काम तो छापणारावरच येतें. केसरीला दोनहि वर्षें झालीं नव्हतीं; एका नव्या वृत्तपत्रानें हा धडा फार महाग किंमतीला घेतला.

या खटल्याला एक शेवटहि आहे. पुढच्याच वर्षीं, १८८३ च्या डिसेंबरांत, अहमदनगर येथें ठेवलेल्या त्या तरुण महाराजांना एका गोऱ्या सेवकाशीं झालेल्या झटापटीनंतर मृत्यु आला. तेव्हां पत्रें खोटीं होतीं, पण राजाविषयींची काळजी निराधार होती असें कोण म्हणेल? येथें कायद्याची एक सूक्ष्म वाटणी उपयोगी पडते. १८७२ च्या कायद्यानें गोष्टींचे दोन नव्हे, तीन वर्ग केले: शाबीत झालेली, खोटी ठरलेली, आणि शाबीत न झालेली. या तिसऱ्या वर्गाला सामान्य संभाषणांत जागाच नसते. तेथें मनुष्य एक तर गुन्हेगार असतो किंवा निर्दोष असतो. कोर्टांत शाबीत झालें नाहीं म्हणजे वादी खोटें बोलला असें होत नाहीं. त्याचें म्हणणें खरें ठरविण्याइतका आधार पुढें आला नाहीं, एवढेंच होतें.

मराठींत या तिसऱ्या वर्गाची अडचण 'आरोप' या शब्दानें वाढविली आहे. आरोप म्हणजे मुळांत वर ठेवणें, लादणें. वेदांतांत दोरीवर साप भासतो त्याला अध्यारोप म्हणतात. भासणारा साप दोरीचा नसतो, पाहणारानें तो तिच्यावर घातलेला असतो. या अर्थानें आरोप हा शब्द अत्यंत समर्पक आहे, कारण ठेवलेली वस्तु उचलतांहि येते, ही सूचना त्यांत आहे. परंतु रूढीनें ती सूचना पुसून टाकली. 'आरोपी' हा शब्द कानीं पडतांच ऐकणाराच्या मनांत गुन्हेगार उभा राहतो. कायद्याच्या दृष्टीनें आरोपी म्हणजे ज्याच्याविषयीं कोणी तरी कांहीं म्हटलें आहे असा मनुष्य, याहून अधिक कांहीं नाहीं. तो निर्दोष सुटला तरी गांवांत त्याच्याशीं सोयरीक करतांना लोक दहा वेळां विचार करितात. कोर्टानें काढून घेतलेला आरोप शेजाऱ्यांच्या मनांतून काढण्याचें साधन कोणत्याहि कायद्यांत नाहीं. ज्याच्या घरावर हा प्रसंग आला असेल त्यालाच या शब्दाचें वजन ठाऊक.

वर्तमानपत्रें अशा वेळीं 'कथित' हा शब्द योजतात. इंग्रजी पत्रें 'अलेज्ड' म्हणतात. शब्द सावधपणाचा आहे. पण तो चिलखत नाहीं. दुसऱ्याची निंदा 'असें म्हणतात' या पांघरुणाखालीं पुन्हां छापणाराला एवढ्यावरून सुटका मिळत नाहीं, कारण छापणारा ती गोष्ट नव्यानें म्हणत असतो.

वास्तविक मराठीजवळ या कामासाठीं एक घरगुती शब्द फार पूर्वींपासून आहे. तो म्हणजे 'म्हणे'. 'त्यानें बांध कोरला' आणि 'त्यानें बांध कोरला म्हणे' या दोन वाक्यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. दुसऱ्या वाक्यांत बोलणारा सांगून टाकतो कीं, हें माझ्या डोळ्यांनीं पाहिलेलें नाहीं, कोणी तरी म्हटलें तें मी पुढें चालविलें. दोन अक्षरांत एवढा प्रामाणिकपणा दाखविण्याची सोय फार थोड्या भाषांत असेल. तथापि या शब्दाचा दुरुपयोगहि तितकाच सोपा आहे. 'म्हणे' जोडून वाटेल तें बोलावें आणि अंग काढून घ्यावें, अशी उचलली जीभ लावली टाळ्याला या जातीची चालहि पडली आहे. साक्षीच्या पिंजऱ्यांत मात्र 'म्हणे' चालत नाहीं. साक्षीदारानें पाहिलें असेल तर पाहिलें म्हणावें, ऐकलें असेल तर स्वतःच्या कानांनीं काय ऐकलें तें सांगावें. ऐकीव गोष्टीला कायदा सामान्यतः पुरावा मानीत नाहीं, याचें कारण हेंच कीं, ज्यानें ती मूळ म्हटली तो मनुष्य उलटतपासणीसाठीं तेथें उभा नसतो.

आज महाराष्ट्राच्या न्यायालयांत एक विशेष शब्द ऐकूं येतो. एका पक्षानें अर्ज दिला कीं न्यायाधीश त्यावर शेरा मारतात, 'अदर साइड टु से'; आणि दुसऱ्या पक्षाचा वकील आपला 'से' दाखल करतो. इंग्रजींतलें साधें क्रियापद येथें नाम होऊन बसलें आहे, आणि तें 'म्हणणें' या मराठी नामाचेंच भाषांतर असल्यासारखें वाटतें. कारण मराठींत क्रियापद आणि नाम यांत असा पडदा नाहीं. 'म्हणणें मांडणें', 'म्हणणें ऐकून घेणें', 'माझें म्हणणें असें' हे प्रयोग लहान मुलालाहि येतात. मिताक्षरेंतील 'भाषा', मराठेशाहींतील 'तकरीर', निजामींतील 'दावा' आणि इंग्रजींतील 'अलेजेशन' या सर्वांना पुरून उरणारा हा साधा शब्द आहे.

वालूरच्या कास्तकारानें आज दावा लावावयाचें ठरविलें तर त्याचें पहिलें वाक्य नऊशें वर्षांपूर्वींचेंच असेल: ही पट्टी माझी. त्यापुढें त्याला जुन्या पहाण्या काढाव्या लागतील, सरकारी मोजणी करून नकाशा मिळवावा लागेल, बांध पूर्वीं कोठें होता हें स्वतः पाहिलेला एखादा म्हातारा साक्षीस आणावा लागेल. शेजाऱ्यालाहि आपलें उत्तर नेमक्या शब्दांत द्यावें लागेल. आणि निकाल लागेपर्यंत गांवानें त्या दोघांपैकीं कोणालाहि चोर ठरवूं नये, एवढी अपेक्षा कायदा गांवाकडूनहि करितो. हा शेवटचा भाग कोणत्याहि कलमानें सक्तीनें करून घेतां येत नाहीं. तो पारावर बसणाऱ्यांनीं आपण होऊन पाळावयाचा असतो.